ता. अलिबाग, जि. कुलाबा

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याआधीचा मजकूर संगणकावर आणल्यावर सगळीकडचे ‘कुलाबा’ काढून ‘रायगड’ टाकावे, असे सहज वाटते. पण मग अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला ‘रायगड किल्ला’ होतो, आणि तो तर महाड तालुक्यात डोंगरावर आहे! ट्राम विजेवर चालणार म्हणून मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला आणण्याची तयारी झाली. ती वेधशाळाही ‘रायगड वेधशाळा’ होऊन बसते. म्हणून शोधायचे ते ‘जि. कुलाबा’ एवढेच. त्याच ओघात ‘ता.’चे ‘तालुका’ करू म्हणून आपण लिबरऑफिसमध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’वर खूण करतो आणि घोळ सुरू होतो.

पहिला गैरसमज: टिंब म्हणजे टिंबच. ती खूण केली नसेल तर ते खरे आहे, तिथे काहीच करावे लागत नाही. खूण केली की मात्र टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. मग ‘ता.’ हा नमुना ‘तार’, ‘ताडगोळे’ सगळे पकडतो आणि ‘अलिबाग तालुक्यात’चे ‘अलिबाग तालुकाुक्यात’ करतो. टिंबाआधी बॅकस्लॅश द्यायचा: ता\.

एवढ्याने भागते, हा दुसरा आणि अधिक महागात पडणारा समज. ‘किल्ला ओस होता.’ या वाक्याच्या शेवटीही ‘ता.’ आहेच, त्याचे ‘होतालुका’ होते. शब्दसीमेची खूण वापरा असा सल्ला मिळतो, पण तिचे वागणे साधनागणिक बदलते. पायथॉनचे नेहमीचे साधन काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे त्याला ‘हो’ आणि ‘ता’ यांच्यामध्येच सीमा दिसते. त्यापेक्षा आधी काय यावे ते स्पष्ट सांगावे: (^|[ (])ता\. म्हणजे परिच्छेदाची सुरुवात, मोकळी जागा किंवा कंस. चौकटी कंसातल्या गोल कंसाला बॅकस्लॅश लागला नाही, हे लक्षात आले असेल. तिथे बहुतेक चिन्हांची जादू चालत नाही.

‘बदला’च्या रकान्यातही तेच नियम, असे अनेकांना वाटते. नाही. तिथे टिंब साधे टिंबच असते; लिबरऑफिसमध्ये सांभाळायचे ते $, & आणि बॅकस्लॅश. वरच्या नमुन्यासाठी तिथे $1तालुका लिहायचे, म्हणजे पकडलेली मोकळी जागा किंवा कंस परत येतो. तो एक इंग्रजी आकड्यातलाच हवा. ‘आणि’च्या जागी नुसते & लिहिले, तर ते चिन्ह ‘जे सापडले ते’ असे वाचले जाते आणि ‘आणि’ जिथल्या तिथे राहते. \& लिहावे.

‘शंका आली की बॅकस्लॅश मारावा’ हा उपाय तर मला सर्वांत घातक वाटतो. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ या साधनाच्या जुन्या वळणात साधा कंस हा कंसच असतो. बॅकस्लॅश दिला की उलट त्याला गट करण्याचा अर्थ येतो. आणि ‘स. नं. १२/३’ मधली तिरकी रेघ? नमुन्यात तिला खास अर्थ नाही. सेडमध्ये ती अडते, कारण शोध आणि बदल यांच्यामधले कुंपण म्हणून तीच वापरायची सवय आहे. कुंपणासाठी # घेतले की सर्व्हे नंबरातली रेघ जशीच्या तशी लिहिता येते.