धिंड, मोर्चा आणि मिरवणूक : समलिंगी अभिमानयात्रेचा अर्थ

माणसांच्या समूहाने रस्त्यावरून जाण्याला मराठीत अनेक शब्द आहेत. मागणी घेऊन निघतो तो मोर्चा. आनंदाने, सन्मानाने निघते ती मिरवणूक. आणि ज्याची अप्रतिष्ठा करावयाची, त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध लोकांसमोर फिरवले जाते ती धिंड. 'प्राइड परेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समलिंगी अभिमानयात्रेचा अर्थ लावताना हा भेद उपयोगी पडतो. वरवर पाहता ही यात्रा म्हणजे मोर्चा आणि मिरवणूक यांचे मिश्रण वाटते. परंतु तिच्या मुळाशी धिंडीचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवाला दिलेले उत्तर हाच तिचा गाभा होय.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील अनेक शहरांत समलिंगी व्यक्तींच्या मद्यगृहांवर पोलिसांचे छापे पडत. पकडलेल्यांना लोकांदेखत गाडीत चढवले जाई. कित्येकदा त्यांची नावे वृत्तपत्रांत छापून येत, आणि त्यातून नोकरी व घर गमावण्याची पाळी येई. प्रत्यक्ष खटल्यापेक्षा 'लोकांना दिसणे' हीच अधिक कठोर शिक्षा होती. 28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्कमधील ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील 'स्टोनवॉल इन'वर असाच छापा पडला. मात्र सोडून दिलेली माणसे घरी न जाता बाहेरच थांबली. दारातून येणाऱ्या प्रत्येकाचे टाळ्यांनी स्वागत होऊ लागले, आणि त्यांपैकी काहींनी जमावाला ऐटीत अभिवादनही केले. पुढे संघर्ष पेटला व तो काही रात्री चालला. परंतु संघर्षापूर्वीच्या त्या काही क्षणांत धिंडीची मिरवणूक झाली होती, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

यापूर्वी निदर्शने झालीच नव्हती असे नाही. 1965 ते 1969 या काळात दरवर्षी 4 जुलैला फिलाडेल्फियातील इंडिपेन्डन्स हॉलसमोर समलिंगी कार्यकर्ते फलक घेऊन शांतपणे फेऱ्या मारीत. पुरुषांनी कोट व टाय आणि स्त्रियांनी प्रचलित स्त्रीवेष परिधान करावा, असा दंडक होता. आम्हीही इतरांसारखेच सभ्य नागरिक आहोत, असे त्यातून सुचवावयाचे होते. हा शुद्ध मोर्चा होता. नोव्हेंबर 1969 मध्ये संबंधित संघटनांच्या परिषदेने हा उपक्रम जून महिन्यात न्यूयॉर्कला हलवण्याचा आणि पेहराव व वय यांविषयीची बंधने काढून टाकण्याचा ठराव केला. त्यानुसार 28 जून 1970 रोजी ख्रिस्तोफर स्ट्रीटच्या परिसरातून सेंट्रल पार्कपर्यंत यात्रा निघाली. 'आम्ही तुमच्यासारखे आहोत' या विधानाची जागा 'आम्ही आहोत' या विधानाने घेतली.

जे जन्मतः लाभले त्याचा अभिमान कशाला, आणि खाजगी बाब रस्त्यावर का मिरवावी, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे 'अभिमान' हा शब्द 'गर्व' या अर्थाने घेतल्यामुळे घोटाळा होतो. या अभिमानाच्या विरोधी टोकाला नम्रता नसून लाज आहे. लाज ही एकांतात भोगावी लागली तरी तिचा उगम दुसऱ्याच्या नजरेत असतो. 'लोक काय म्हणतील' या वाक्यातील 'लोक' तिच्या केंद्रस्थानी असतात. म्हणूनच ती केवळ एकांतात फिटत नाही. ज्या लोकांचे भय, त्यांच्यासमोरूनच चालत जाणे हा तिच्यावरील उपाय ठरतो.

भारतात या लाजेला कायद्याचे बळ होते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 377 ही ब्रिटिश राजवटीची देणगी. 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात देशातील पहिली अभिमानयात्रा निघाली, तेव्हा तिच्यात अवघे 15 जण होते. 2008 मध्ये दिल्लीत निघालेल्या पहिल्या यात्रेत काहींनी मुखवटे घातले होते. चेहरा झाकून का होईना, रस्त्यावर येणे त्यांना आवश्यक वाटले. त्याच वर्षी 16 ऑगस्टला मुंबईतील यात्रा ऑगस्ट क्रांती मैदानापासून निघाली. जेथे 1942 मध्ये 'छोडो भारत'चा पुकारा झाला, तेथून वसाहतकालीन कायद्याविरुद्ध चालू लागणे ही निवड अर्थपूर्ण होती. पुण्यातील पहिली यात्रा 2011 ची.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या घटनांचे मोल निराळ्या रीतीने जाणवेल. विजय तेंडुलकरांच्या, 1981 साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातील मित्रा अखेर आत्मनाश पत्करते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (2006) या कादंबरीत एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेल्या बहीण-भावांपैकी बहिणीचे दुःख घरात चर्चेचा विषय होते. भावाच्या दुःखाला मात्र घरात जागाच नाही. या दोन्ही व्यक्तिरेखा एकवचनी आहेत. त्यांना 'मी' आहे, 'आम्ही' नाही. अभिमानयात्रा हे अनेकवचन उपलब्ध करून देते. ते जसे चालणाऱ्यांसाठी असते, तसेच पदपथावर किंवा खिडकीआड उभे राहून पाहणाऱ्या एखाद्या अबोल व्यक्तीसाठीही असते.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. मग यात्रेचे प्रयोजन काय उरले? मोर्चा म्हणून ते उरलेच आहे, कारण 17 ऑक्टोबर 2023 च्या निर्णयात याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. रस्त्यावरचा हक्कही गृहीत धरता येत नाही. इस्तंबूलमध्ये 2015 पासून या यात्रेवर बंदी घालण्यात आली. 2020 मध्ये मुंबईत यात्रेस परवानगी मिळाली नाही, आणि आझाद मैदानात एका जागी जमण्यावर समाधान मानावे लागले. बुडापेस्टमध्ये 2025 साली पोलिसांची बंदी असतानाही फार मोठा समुदाय चालला. दुसरीकडे, जेथे विरोध मावळला तेथे व्यापारी कंपन्यांच्या फलकांच्या गर्दीत मोर्चा हरपून केवळ मिरवणूक उरते, ही टीकाही दुर्लक्षणीय नाही.

तथापि सर्व मागण्या मान्य झाल्या तरी यात्रेचे प्रयोजन संपेल, असे म्हणता येत नाही. कायदा गुन्हा रद्द करू शकतो. लाज रद्द करण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. घराघरांतून ती नव्याने शिकवली जात आहे, तोवर एखाद्याला भर दिवसा, स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या चेहऱ्याने रस्त्यावरून चालत जाण्याची गरज भासत राहणार आहे.