फेरेट : संज्ञा आणि संगोपन

परदेशातील एखाद्या प्राण्याचा परिचय करून देताना त्याला जवळच्या परिचित प्राण्याचे नाव देण्याची प्रवृत्ती बहुतेक भाषांत आढळते. फेरेट या युरोपीय पाळीव प्राण्यास मराठीत 'पाळीव मुंगूस' म्हणण्याचा मोह याच प्रवृत्तीतून उद्भवतो. लांबट अंग, आखूड पाय आणि बिळात शिरण्याची हौस ही दोहोंतील साम्ये उघड आहेत. तथापि नाव हे केवळ ओळखचिन्ह नसते. त्याच्यामागोमाग त्या प्राण्याच्या आहारविहाराविषयीच्या समजुतीही येतात. फेरेटच्या बाबतीत अशा समजुती त्याच्या जिवावर बेतू शकतात.

नामांतराचा हा घोळ केवळ मराठीपुरता नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने, तोंडास मुसके बांधून सशांच्या बिळांत सोडल्या जाणाऱ्या प्राण्यांचे वर्णन केले आहे. ते फेरेट असावेत असे सामान्यतः मानले जाते. त्याच कामाच्या प्राण्यास रोमन लेखक प्लिनी 'विव्हेरा' म्हणतो. पुढे लिनीयसने १७५८ साली हेच नाव जवादी मांजराच्या वर्गातील एका प्रजातीस दिले आणि फेरेटची गणना 'मुस्टेला' या प्रजातीत केली. 'फेरेट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला असून त्याच्या मुळाशी 'चोर' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. वस्तू ओढून नेऊन लपवून ठेवण्याची या प्राण्याची सवय पाहता हे नाव अन्वर्थक म्हटले पाहिजे.

प्राणिशास्त्रदृष्ट्या मांसाहारी गणाच्या दोन प्रमुख शाखा आहेत. मुंगूस मार्जारशाखेत मोडते, फेरेट श्वानशाखेत. महाराष्ट्रातील फेरेटचा खरा सगोत्र म्हणजे ऊद. आणि गंमत अशी, की त्याचेही लोकप्रचलित नाव 'पाणमांजर' असेच आहे.

या भेदाचे परिणाम संगोपनात पदोपदी जाणवतात. मुंगूस किड्यांपासून फळांपर्यंत नाना पदार्थ खाते. फेरेट मात्र सर्वस्वी मांसभक्षक होय. त्याच्या आतड्यास अंधनाल नसतो आणि खाल्लेले अन्न अवघ्या तीन-चार तासांत बाहेर पडते. त्यामुळे दूधभात किंवा पोळीचा कुस्करा यांवर त्याचे पोषण होत नाही. प्राणिज प्रथिने व स्निग्ध पदार्थ दिवसातून अनेक वेळा द्यावे लागतात. मुंगूस भारतीय उन्हाळा सोसते. फेरेटला ३० अंश सेल्सिअसवरील तापमानात उष्माघाताचा धोका असतो.

रोगांच्या बाबतीतही हेच. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग फेरेटला बहुधा प्राणघातकच ठरतो. यास्तव लस अत्यावश्यक होय. माणसाचा इन्फ्लुएन्झाही त्यास होतो. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला, तो फेरेटच्याच साहाय्याने. पाळणाऱ्यास हा ताप आला असता त्याने प्राण्यापासून दूर राहावे, हे ओघानेच आले.

सर्वांत बिकट प्रश्न मादीचा आहे. समागमाखेरीज तिच्या अंडाशयातून अंडे सुटत नाही. नराशी संयोग न झाल्यास तिचा माज दीर्घकाळ टिकतो, रक्तातील इस्ट्रोजेन वाढलेले राहते, अस्थिमज्जेची रक्तनिर्मिती मंदावते आणि अखेर रक्तक्षयाने मृत्यू ओढवू शकतो. अंडाशय काढून टाकणे हा त्यावरील रूढ उपाय. परंतु जननग्रंथी काढल्यावर पोष ग्रंथीवरील त्यांचा अंकुश सुटतो, अधिवृक्क ग्रंथींना अखंड चेतना मिळत राहते आणि उतारवयात त्या ग्रंथींचे विकार संभवतात. नरासही हा दुसरा धोका चुकत नाही. म्हणून अलीकडे शस्त्रक्रियेऐवजी डेस्लोरेलिन या औषधाची कांडी त्वचेखाली बसविण्याकडे अनेक पशुवैद्यांचा कल आहे. तिचा प्रभाव कालांतराने ओसरतो. म्हणून ती वेळोवेळी पुन्हा बसवावी लागते.

फेरेटच्या खुणांचा अर्थही नव्याने शिकावा लागतो. पाठीची कमान करून, तोंड उघडून तो आडव्या उड्या मारू लागला, की नवख्यास तो चवताळला असे वाटते. वस्तुतः तो खेळाचे निमंत्रण देत असतो. त्यासोबतचा कुकुक् असा मंद ध्वनी आनंदाचा द्योतक होय. फुत्कार मात्र भयाचा किंवा रागाचा समजावा. दिवसाचे चौदाहून अधिक तास तो गाढ झोपतो. त्या झोपेत तो निपचित भासला, तरी तेवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढू नये.

तात्पर्य, 'फेरेट' हा शब्द मराठीने जसाच्या तसा स्वीकारणे इष्ट. 'पाळीव मुंगूस' या संज्ञेत आणखीही एक दोष आहे. मुंगूस हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी असून त्यास घरी बाळगणे हा गुन्हा आहे. त्या संज्ञेने मुंगसाविषयी चुकीचा समज पसरेल आणि फेरेटच्या ताटात चुकीचे अन्न पडेल. परका शब्द निदान एवढे तरी सुचवितो, की या प्राण्याविषयी अजून काही शिकावयाचे आहे.