औंध : जेथे राजाने राज्य सोपविले

साताऱ्याच्या पूर्वेला खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. गाव लहान. पाऊस बेताचा. गावाजवळ एक डोंगर आहे. डोंगरावर यमाई देवीचे देऊळ आहे. त्याला मूळपीठ म्हणतात. यमाई ही पुष्कळ घरांची कुलदेवी. यात्रेला लांबलांबून माणसे येतात.

पण औंधचे नाव झाले ते आणखी एका गोष्टीमुळे. ती गोष्ट आपण ऐकू या.

औंध ही पूर्वी एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान म्हणजे काय? इंग्रजांच्या काळी आपल्या देशात लहानमोठे राजे होते. वर इंग्रजांची सत्ता आणि खाली राजाचा कारभार. अशा राजाच्या मुलखाला संस्थान म्हणत. औंध संस्थान लहानसे होते. गावे सुमारे ७२. तीही एका जागी नव्हती. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, तर काही पार विजापूरकडे!

औंधच्या राजांना पंतप्रतिनिधी म्हणत. 'प्रतिनिधी' हे मराठी राज्यातले मोठे पद. परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ते पराक्रमाने पुढे आले.

१९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब गादीवर आले. राजा मोठा हौशी. स्वतः चित्रे काढी. कीर्तन करी. रोज सूर्यनमस्कार घाली आणि लोकांनाही घालायला सांगे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. १९१० साली बाळासाहेबांनी त्यांना माळरान दिले. तिथे नांगर तयार होऊ लागले. तीच आजची किर्लोस्करवाडी.

मग १९३८ साल आले. बाळासाहेबांनी ठरविले, की राज्याचा कारभार रयतेच्या हाती द्यायचा. आता बघा, दोन बांधांसाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात. इथे तर राजा आपणहून सत्ता सोडायला निघाला!  लोकांनी आपला कारभार आपणच शिकावा, असे त्यांना वाटले.

राजपुत्र अप्पासाहेब या कामात पुढे होते. मॉरिस फ्रीडमन हे पोलंड देशाचे इंजिनियर. त्यांनीही मदत केली. सर्वांनी महात्मा गांधींचा सल्ला घेतला. १९३९ च्या जानेवारीत नवा कायदा झाला.

कायदा काय होता? पाया गावाचा. गावकऱ्यांनी आपले पंच निवडायचे. गावाच्या पंचायतीवर तालुक्याची सभा. तिच्यावर साऱ्या संस्थानाची सभा. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. आणि राजाच्या खर्चालाही मर्यादा घातली, बरं का!

त्याच साली आटपाडीजवळ एक वेगळी वसाहत झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तिथे कैदी राहत, पण भिंत नव्हती. बायकामुलांसह राहायचे, शेती करायची, कष्टाचे खायचे. विश्वास टाकला तर चुकलेला माणूसही सुधारतो, हा त्यामागचा विचार. या कल्पनेवरून पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी. माडगूळ हे त्यांचे गाव आटपाडीकडचेच.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. नऊ वर्षांचा तो कारभार संपला. १९५१ साली बाळासाहेब वारले.

मग त्याचा उपयोग काय झाला? उपयोग झाला तर! गावची माणसे आपला कारभार करू शकतात, हे औंधने करून दाखविले. पुढे १९५८ साली आपल्याकडे ग्रामपंचायतीचा नवा कायदा झाला. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गाव, तालुका, जिल्हा अशी ती उतरंड आहे. औंधची मांडणीही अशीच खालून वर होती.

आज औंधला गेलात तर राजवाडा दिसेल. उंच दगडी दीपमाळ दिसेल. डोंगरावर बाळासाहेबांनी उभारलेले संग्रहालय आहे. त्यात देशोदेशींची चित्रे आणि मूर्ती आहेत. ती जरूर बघावी.

पण एक गोष्ट तिथे काचेच्या कपाटात सापडणार नाही. राजाने दिलेली सत्ता आता प्रत्येक गावात आली आहे. ती चावडीवर आहे. ग्रामसभेची नोटीस तिथे लागते. जमाखर्च तिथे मांडला जातो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पुढच्या ग्रामसभेला जा. नोटीस स्वतः वाचा. जमाखर्चही बघायला मागा. कळले नाही तर विचारा.

राजाने सत्ता दिली, पण ती चालवायची आपण!