धुळीमागची दीर्घिका

जानेवारीच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला कबनूरमधून वर पाहिलं, तर कृत्तिकांचा झुबका जवळजवळ डोक्यावर असतो. आता तोंड उत्तरेला करा. ध्रुवतारा इथून क्षितिजाच्या वर जेमतेम १७ अंशांवर दिसतो. कृत्तिकांपासून ध्रुवापर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढा आणि ध्रुवाकडून तिचा एक तृतीयांश भाग मोजा. तिथे काहीही दिसणार नाही. इचलकरंजीला खेटलेल्या गावातल्या दिव्यांच्या उजेडात ते अपेक्षितच म्हणा. पण नेमक्या त्या जागी एक अख्खी सर्पिल दीर्घिका आहे, आणि तिचा विस्तार पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे दोन तृतीयांश आहे!

तिचं नाव मात्र अगदीच रुक्ष, आयसी ३४२. ब्रिटिश हौशी निरीक्षक विल्यम डेनिंग यांनी ती १८९०च्या दशकात टिपली. अंतर सुमारे एक कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे खगोलाच्या हिशेबात शेजारच्या गल्लीतच. शिवाय तिची तबकडी आपल्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे फाकलेले सगळे बाहू समोरून दिसायला हवेत. तरी दाट अंधारात छोट्या दुर्बिणीतून हाती लागतो तो बहुतेक मधला धूसर ठिपका. नडते ती आपल्याच आकाशगंगेतली धूळ. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून ही दीर्घिका जेमतेम साडेदहा अंश बाजूला आहे. साहजिकच तिचा प्रकाश त्या पट्ट्यातून तिरका वाट काढत येतो आणि कित्येक पटींनी मंदावतो.

ही धूळ रस्त्यावरची नव्हे. म्हाताऱ्या लाल ताऱ्यांतून वाहणारा वायू निवला, की त्यात सिलिकेट आणि कार्बनचे कण धरतात. कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात धुळीचं वजन फार तर शंभरात एक. प्रयोगशाळेतली उत्तम निर्वात पोकळीही त्या प्रदेशापुढे गजबजलेली वाटेल. मग एवढ्या विरळ धुळीचा पडदा कसा होतो? निव्वळ अंतराच्या जोरावर. शेकडो-हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेत क्वचित भेटणारे कणही मोजदादीपलीकडे जातात. त्यांच्या आकारामुळे निळा प्रकाश जास्त अडतो, लाल जास्त निसटतो. ऊसतोडीच्या दिवसांत धुरकट क्षितिजावर सूर्य तांबडा दिसतो, तसाच हा प्रकार. म्हणून ही दीर्घिका मंद तर दिसतेच, शिवाय असते त्याहून लालसरही दिसते.

गंमत म्हणजे अवकाशात सगळीकडे अशी धूळ पसरली आहे, हे शास्त्रज्ञांना पटायला १९३० साल उजाडलं. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दूरच्या तारकागुच्छांची अंतरं तपासली, तेव्हा ते असायला हवेत त्याहून मंद निघाले. तोवर आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ दीर्घिका जवळपास दिसतच नाहीत, याचं नीट उत्तर नव्हतं.

पडदा फाडायची गरज नाही, लांब लहरींनी पाहिलं की झालं. युक्लिड दुर्बिणीची पहिली रंगीत चित्रं नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. त्यांत अवरक्त प्रकाशाच्या मदतीने टिपलेली आयसी ३४२ होती, बाहूंसकट. रेडिओलहरी तर आणखी सहज पार होतात. हायड्रोजनची रेडिओलहर २१ सेंटिमीटर लांब, म्हणजे धुळीच्या कणाच्या सुमारे २० लाख पट. तिला कण जाणवतही नाही. ही लहर ऐकणारं मोठं यंत्र आपल्याकडेच आहे. नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या लहरीसाठीही आकाश धुंडाळतात.

याच लहरीने १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो इथल्या रेडिओदुर्बिणीला शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने, अगदी दाट धुळीमागे एक सर्पिल दीर्घिका सापडली. ती आयसी ३४२च्याच टोळक्यातली निघाली. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची चित्रं माणसाकडे तोवर जमा झाली होती, आणि या शेजारणीचा पत्ताच नव्हता.