तापीकाठची छोटी अणुभट्टी

भुसावळहून सुरतेकडे निघालेली गाडी जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गुजरातेत शिरते आणि व्यारा येतं. तिथून जवळच अणुमाला गावी काकरापार अणुऊर्जा केंद्र आहे. वाघूर, गिरणा, पांझरा अशा खानदेशातल्या नद्यांचं पाणी तापीला मिळतं, उकाई धरणात साठतं आणि तेच पुढे कालव्यावाटे या केंद्राला थंड ठेवतं. छोट्या अणुभट्टीचं नाव हल्ली सारखं कानावर येतं आणि ती कुठून तरी परदेशातून येणार असं वाटतं. ती आपल्याच नदीच्या काठावर उभी आहे, हे आपल्या भागात फारसं कुणी बोलत नाही.

काकरापारचे पहिले दोन संच प्रत्येकी 220 मेगावॅटचे. एक 1993 पासून, दुसरा 1995 पासून व्यापारी वीज देतो. जगात 300 मेगावॅटपर्यंतची अणुभट्टी लहान समजतात, म्हणजे हे दोन्ही लहानच. कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर फक्त जोडायचे, ही नवी पद्धत मात्र यांची नाही. हे जागेवरच बांधलेले आहेत.

यांचं इंधन एकदा नीट समजून घ्यावं. बोटभर जाडीच्या 19 नळ्या एकत्र बांधलेलं, हातभर लांबीचं एक बंडल. आत साधं, समृद्ध न केलेलं युरेनियम. अशी बारा बंडलं एका आडव्या नळीत बसतात आणि भट्टीत अशा 306 नळ्या असतात, सभोवती जड पाणी. भट्टी चालू असतानाच यंत्र एका टोकाने नवं बंडल आत ढकलतं आणि दुसऱ्या टोकाने जुनं बाहेर काढतं. माझा ढोबळ हिशेब असा, की एका बंडलातून साधारण सहा लाख युनिट वीज निघते. तेवढ्यासाठी सुमारे 400 टन कोळसा लागेल, म्हणजे रेल्वेच्या सहा-सात वाघिणी.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडे याच नजरेने बघावं. तिथला 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला, तर दिवसाला जवळपास दोन मालगाड्या कोळसा खातो. शिवाय राख उरते, ती वेगळीच.

मग सूर्य आणि वारा आहेतच की! साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. दोन्ही चांगलेच. पण वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कूलर सुरू राहतात आणि सूर्य मावळतो. त्या वेळची वीज आज मुख्यतः कोळसा देतो. धूर न सोडता रात्रभर एका लयीत चालणारं यंत्र म्हणून छोट्या अणुभट्टीला जागा आहे. ती सौर ऊर्जेची जागा घेणार नाही, घ्यायचीही नाही. आणि 220 मेगावॅटचा संच अचानक बंद पडला, तर ग्रीडला 700 मेगावॅटच्या संचाइतका धक्का बसत नाही.

काकरापारचा इतिहास मात्र निर्मळ नाही. 1994 च्या जूनमध्ये अतिवृष्टीने टर्बाइनच्या इमारतीत पाणी घुसलं होतं. 11 मार्च 2016 ला पहिल्या संचातल्या एका आडव्या नळीतून जड पाण्याची गळती झाली. त्याआधी 2015 मध्ये दुसऱ्या संचातही तेच झालं होतं. नळ्या बाहेरच्या बाजूने गंजल्या होत्या. दोन्ही संचांतल्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या, आणि दुसरा 2018 ला, पहिला 2019 ला पुन्हा सुरू झाला. संच बंद पडल्यावर पैसा जाणं मात्र थांबत नाही, आणि लहान भट्टीला प्रति मेगावॅट खर्च बहुधा जास्तच पडतो. वापरलेलं इंधन पिढ्यान् पिढ्या सांभाळावं लागतं. हे सगळं मान्य करूनही माझा कौल अणुभट्टीच्या बाजूने आहे, कारण कोळशाची किंमत आपण श्वासातून रोज मोजतो.

केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला 20,000 कोटी रुपये ठेवले, आणि 2033 पर्यंत निदान पाच स्वदेशी भट्ट्या चालवायचं ठरवलं. 220 मेगावॅटच्याच सुधारित आराखड्याला ‘भारत स्मॉल रिअॅक्टर’ म्हणतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागा यासाठी सोयीच्या, कारण वाहिन्या, रेल्वे आणि कसबी माणसं तिथे आधीच आहेत. दीपनगरचे दोन जुने संच तर 210 मेगावॅटचेच.

पण अणुभट्टीला पाणी औष्णिकपेक्षाही जास्त लागतं. काकरापारच्या वर उकाई आहे. दीपनगरच्या पाठीशी हतनूर धरण आहे, आणि हतनूर गाळाने भरत चाललं आहे. उद्या इथे भट्टीचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं, तर रावेर-यावलच्या केळी बागायतदारांनी पहिल्याच बैठकीत विचारावं: मे महिन्यात पाणी कुठून आणणार?