वायूचा उपसा आणि भूकंप : ग्रोनिंगेनचा धडा

भूकंप म्हणजे निसर्गाचा कोप, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु मानवी उद्योगामुळेही भूमी हादरू शकते, ही गोष्ट १९६७ च्या कोयना भूकंपानंतर महाराष्ट्राला अपरिचित राहिलेली नाही. तेथे भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन प्रांतात मात्र भूगर्भातून उपसलेला नैसर्गिक वायू कारणीभूत ठरला.

या प्रांतात १९५९ साली प्रचंड वायुसाठा सापडला व १९६३ पासून उत्पादन सुरू झाले. सुमारे ३ किलोमीटर खोलीवरील वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत हा वायू मोठ्या दाबाखाली साठलेला होता. वरच्या थरांचा काही भार हा दाबच पेलून धरीत असतो. वायू काढून घेतला की दाब घटतो, भार खडकाच्या कणांवर पडतो, खडक दबतो आणि वरची जमीनही हळूहळू खचते. खडकातील जुन्या प्रस्तरभंगांच्या दोन्ही बाजूंस हे दबणे सारखे नसले, तर तेथे ताण साचतो. तो अनावर झाला की प्रस्तर एकाएकी सरकतात व धरणी कंप पावते.

या क्षेत्रातील असा पहिला धक्का १९९१ मध्ये नोंदला गेला. १६ ऑगस्ट २०१२ रोजी झालेला सर्वांत मोठा भूकंप ३.६ तीव्रतेचा होता. आकडा लहान वाटतो. परंतु उगम उथळ, वरची माती मऊ आणि विटांची घरे भूकंपाचा विचार न करता बांधलेली. त्यामुळे हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले.

प्रारंभी हा संबंध नाकारण्यात आला होता. १९९३ च्या अभ्यासानंतर तो मान्य झाला. तरीही उपसा दीर्घकाळ चालूच राहिला. रहिवाशांच्या हिताकडे दुर्लक्ष झाले, असा निष्कर्ष तेथील संसदीय चौकशीने २०२३ मध्ये काढला. अखेर, साठ्यात बराच वायू शिल्लक असतानाही, १ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्पादन थांबविण्यात आले आणि २०२४ मध्ये कायद्याने ते कायमचे बंद झाले. मात्र भूगर्भातील दाब सर्वत्र समान होण्यास काळ लागत असल्याने उपसा थांबताच धक्केही थांबतात, असे नाही.

वायूच्या प्रत्येक उपशाने भूकंप होतोच, असा याचा अर्थ नव्हे. खडकाची रचना, प्रस्तरभंग आणि उपशाचे प्रमाण यांवर ते अवलंबून असते. म्हणूनच भूगर्भातील संपत्ती काढताना भूकंपमापन यंत्रांचे जाळे आधीपासून उभारणे, नोंदी जनतेसमोर ठेवणे आणि तडा गेलेल्या घराची तक्रार वेळीच ऐकणे, हाही विकासकार्याचाच भाग होय.