प्रश्नाचा प्रवास

'गणितज्ञ' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? बहुधा एक बंद खोली, टेबलावर कागदांचा ढीग आणि त्या ढिगामागे एकटाच बसलेला माणूस! गवयाला उस्ताद असतो, पहिलवानाला उस्ताद असतो, हे आपल्याला ठाऊक असते. गणितज्ञालाही उस्ताद लागतो, जोडीदार लागतो, चूक दाखवणारा मित्र लागतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ही माणसे एकमेकांच्या मदतीने काम कशी करतात, ते आज आपण एका प्रश्नाच्या आधाराने पाहू.

आपला प्रश्न संख्या सिद्धांतातील आहे. १, २, ३, ४ अशा पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेला संख्या सिद्धांत म्हणतात. या शाखेतील कित्येक प्रश्न शाळेतील मुलालाही समजतात, पण त्यांची उत्तरे शोधताना मोठमोठे विद्वान थकून जातात.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी या गावी दोन बहिणी राहतात. थोरलीला धाकटी 'आपा' म्हणते. एके दिवशी आपा धाकटीला म्हणते, "१, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या तुला माहीत आहेत. आता कोणतीही संख्या घे आणि वर्गसंख्यांची बेरीज करून ती मिळव. वर्गसंख्या जितक्या कमी लागतील तितके चांगले."

धाकटी वही काढते. ५ म्हणजे ४ + १, दोन वर्ग पुरले. ६ म्हणजे ४ + १ + १, तीन वर्ग लागले. ७ म्हणजे ४ + १ + १ + १, येथे चार लागले. पुढे १५ ला चार लागतात, २३ ला चार लागतात, ३१ ला चार लागतात. धाकटी आनंदाने ओरडते, "आपा, नियम सापडला! ७ मध्ये ८ मिळवत जा. फक्त त्याच संख्यांना चार वर्ग लागतात."

आपा लगेच 'शाबास' म्हणत नाही. ती विचारते, "मधल्या सगळ्या संख्या तपासल्यास का? २८ पाहिलीस?" धाकटी पुन्हा वहीत डोके घालते. २५ + १ + १ + १. चार! १६ + ४ + ४ + ४. पुन्हा चारच! तीन वर्गांत २८ काही बसत नाही. सापडलेला नियम अपुरा ठरतो आणि धाकटी नव्याने विचार करू लागते.

मुलांनो, या छोट्या प्रसंगात गणितातील संशोधनाची सारी रीत आली आहे. एकाने प्रश्न द्यावा, दुसऱ्याने उदाहरणे मांडून अंदाज बांधावा, पहिल्याने तो अंदाज पारखून पाहावा. आपाने उत्तर सांगितले असते तर धाकटीला उत्तर मिळाले असते, पण शोध लागला नसता. म्हणून तिने उत्तराऐवजी आणखी एक प्रश्न दिला. चांगला मार्गदर्शक असेच करतो.

आता एक पाऊल पुढे जाऊ. पाच वर्ग लागतील अशी एखादी संख्या आहे का? धाकटीने हजार संख्या तपासल्या तरी त्यापुढच्या संख्यांचे काय? संख्या तर कधी संपतच नाहीत. म्हणून गणितात केवळ उदाहरणे पुरत नाहीत, सिद्धता द्यावी लागते. सिद्धता म्हणजे अशी विचारसरणी, जी एकही संख्या वगळत नाही. १७७० साली लाग्रांज या गणितज्ञाने सिद्ध केले, की कोणत्याही संख्येला चारपेक्षा अधिक वर्ग लागत नाहीत.

त्याच वर्षी इंग्लंडमधील एडवर्ड वेअरिंग यांनी आपल्या ग्रंथात आणखी दोन विधाने मांडली. कोणत्याही संख्येला जास्तीत जास्त ९ घन पुरतात आणि जास्तीत जास्त १९ चौथे घात पुरतात. चौथा घात म्हणजे एकच संख्या चार वेळा घेऊन केलेला गुणाकार. २ × २ × २ × २ = १६, म्हणून १६ हा २ चा चौथा घात. वेअरिंग यांनी विधाने केली, पण सिद्धता दिली नाही. तेव्हापासून हा प्रश्न 'वेअरिंगचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो.

१९ हा आकडा कोठून आला? समजा, ढाणकीतील एका दुकानदाराकडे १, १६, ८१ आणि २५६ ग्रॅमचीच वजने आहेत. त्याला ७९ ग्रॅम हळद तोलायची आहे. ८१ चे वजन चालणार नाही, ते जड होते. १६ ची चार वजने ठेवली की ६४ ग्रॅम झाले. उरलेल्या १५ ग्रॅमसाठी १ ग्रॅमची पंधरा वजने ठेवावी लागतील. चार आणि पंधरा मिळून एकोणीस! म्हणजे १९ पेक्षा कमी वजनांत काम भागणार नाही, हे दुकानदारही सांगेल. पण कितीही मोठी संख्या घेतली तरी १९ पुरतीलच, हे कोण सांगणार?

घनांच्या प्रश्नाचे काय झाले, ते आधी पाहा. १९०९ साली विफरिख या जर्मन गणितज्ञाने ९ घन पुरतात याची सिद्धता प्रसिद्ध केली. तिच्यात एक उणीव राहून गेली होती. १९१२ साली केंप्नर यांनी ती भरून काढली. यात विफरिख यांची मानहानी झाली असे कोणी मानत नाही. दुसऱ्याची सिद्धता ओळीओळीने वाचणे आणि तिच्यातील फट बुजवणे, हेही गणितातील सहकार्यच आहे.

चौथ्या घातांचा प्रश्न मात्र फार कठीण निघाला. त्याची वाट भारतातून गेली, म्हणून ती आपण नीट समजून घेऊ.

१९१४ साली श्रीनिवास रामानुजन मद्रासहून इंग्लंडला गेले. केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांनी त्यांना बोलावून घेतले होते. रामानुजन यांना नवनवी सूत्रे सुचत, तर हार्डी सिद्धतेबाबत अतिशय काटेकोर होते. दोघांनी मिळून १९१८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे 'वर्तुळ पद्धती' नावाचे साधन तयार झाले. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी हेच साधन वेअरिंगच्या प्रश्नासाठी वापरले.

हार्डी यांचे आणखी एक भारतीय विद्यार्थी होते, आनंद राव. ते मद्रासला परतले आणि तेथे त्यांनी नवे विद्यार्थी घडवले. त्यांपैकी एक शिवशंकरनारायण पिल्लई. पिल्लई लहानपणीच पोरके झाले होते. शाळेतील एका शिक्षकांनी मदतीचा हात दिला, म्हणून त्यांचे शिक्षण चालू राहिले. याच पिल्लईंनी १९४० साली सिद्ध केले, की सहाव्या घातांसाठी ७३ संख्या पुरतात. १९५० साली अमेरिकेतील गणित परिषदेला जाताना कैरोजवळ विमान कोसळले आणि त्यांचा अंत झाला. माणूस गेला, पण त्याचे काम मागे राहिले आणि पुढच्या पिढीने ते वाचले.

आनंद राव यांचे दुसरे विद्यार्थी के. चंद्रशेखरन. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली होती. १९४९ साली चंद्रशेखरन या संस्थेत मुंबईला आले. त्यांनी व के. जी. रामनाथन यांनी तेथे गणिताचे मोठे केंद्र उभे केले. त्यांची एक पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. सीगल यांच्यासारखे जगप्रसिद्ध गणितज्ञ मुंबईत येऊन व्याख्याने देत. संस्थेतील गणितज्ञांनी, विशेषतः तरुण संशोधकांनी, ती व्याख्याने ऐकून, समजून घेऊन नीट लिहून काढायची आणि मग ती पुस्तकरूपाने छापायची. विषय समजला नसेल तर तो लिहिता येत नाही! त्यामुळे लिहिणाराच आधी शिकत असे आणि नंतर ते पुस्तक इतरांच्या उपयोगी पडत असे.

रामनाथन यांच्या हाताखाली के. रामचंद्र यांनी १९६५ साली पीएच. डी. मिळवली. रामचंद्र मूळचे कर्नाटकातील मंड्याचे. पुढे तेच मुंबईत गुरू झाले. त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे आर. बालसुब्रमण्यन. या गुरुशिष्यांनी १९७८ साली मिळून एक नियतकालिक सुरू केले आणि त्याला दुसऱ्या एका जोडीचे नाव दिले: 'हार्डी-रामानुजन जर्नल'.

बालसुब्रमण्यन यांनी वेअरिंगचा चौथ्या घातांचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी आधी सिद्ध केले की २१ चौथे घात पुरतात. मग ती मर्यादा २० वर आणली. आता केवळ एक पायरी उरली होती. पण शेवटची पायरीच सर्वांत उंच असते. फ्रान्समधील दोन गणितज्ञ, देझुलिए आणि द्रेस, हेही याच प्रश्नामागे होते. तिघे एकत्र आले.

त्यांनी काम दोन भागांत मांडले. एका ठरावीक मर्यादेपुढच्या सर्व संख्या वर्तुळ पद्धतीने निकालात काढायच्या आणि त्या मर्यादेखालच्या संख्या संगणकाच्या मदतीने. ही मर्यादा केवढी होती? एकावर साडेतीनशेहून अधिक शून्ये! इतक्या संख्या एकेक करून तपासणे संगणकालाही शक्य नाही. म्हणून संख्यांचा एक लहान पट्टा तपासायचा आणि त्यात योग्य चौथे घात मिळवत शिडीसारखे वर चढायचे, अशी युक्ती वापरली गेली. १९८६ साली सिद्धता पूर्ण झाली. १९ पुरतात!

१७७० पासून १९८६ पर्यंत २१६ वर्षे झाली. २१६ म्हणजे ६ चा घन, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

या निबंधावर तिघांची नावे होती: बालसुब्रमण्यन, देझुलिए, द्रेस. बालसुब्रमण्यन यांचे नाव पहिले का? इंग्रजी वर्णमालेत त्यांचे अक्षर आधी येते, एवढेच कारण. गणितात बहुतेक वेळा नावे याच क्रमाने लिहितात. तेथे कोणी मोठा, कोणी छोटा असे मानत नाहीत. शिष्याने स्वतः शोधलेल्या गोष्टीवर पुष्कळ गुरू आपले नावही घालत नाहीत.

हार्डी आणि लिटलवुड यांनी तर एकत्र काम करण्याचे नियमच ठरवले होते. पहिला नियम असा, की एकमेकांना लिहिलेल्या पत्रातील मजकूर बरोबर असो की चूक, त्याने बिघडत नाही. नियम विचित्र वाटला ना? पण त्यात शहाणपण आहे. चुकण्याची भीती वाटली तर मनातला कच्चा विचार कोणी दुसऱ्यापुढे मांडणारच नाही. छापण्यापूर्वी मात्र प्रत्येक ओळ पारखली गेलीच पाहिजे.

सर्वांनाच असे सोबती मिळतात असे नाही. आपल्या महाराष्ट्रातील दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे उदाहरण घ्या. ते नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिक्षक होते. त्यांनी ६१७४ या संख्येचा अद्भुत गुणधर्म शोधला. ३५२४ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तसेच करा. ८७३० − ०३७८ = ८३५२. आणखी एकदा करा. ८५३२ − २३५८ = ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, शेवटी ६१७४ वरच याल.

कापरेकरांना हार्डींसारखा मार्गदर्शक लाभला नाही. कित्येक वर्षे पंडितांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. एकट्याने शोध लावता येतो, हे कापरेकरांनी दाखवून दिले. पण तो शोध दुसऱ्याने वाचावा, पारखावा आणि पुढे न्यावा लागतो, हेही त्यांच्याच आयुष्यावरून दिसते.

मित्रांनो, ढाणकीपासून मुंबई लांब आहे आणि केंब्रिज तर त्याहून कितीतरी लांब. पण वही, पेन्सिल आणि एक जोडीदार मिळायला लांब जावे लागत नाही. म्हणून शेवटी तुमच्या हाती एक प्रश्न देतो. १९ चौथे घात लागणारी ७९ ही एकच संख्या नाही. ६०० च्या आत अशा आणखी सहा संख्या आहेत. त्या शोधा. दोघांनी मिळून शोधा. एकाने संख्या सुचवावी, दुसऱ्याने तिला १८ घातांत बसवून दाखवण्याचा प्रयत्न करावा. अडलात तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा, पण उत्तर विचारू नका, वाट विचारा.

शोधता शोधता तुम्हाला एक सुंदर नियम दिसू लागेल. तो ६०० च्या पुढेही चालतो का, हे धाकटीप्रमाणे आधी ठरवून टाकू नका. आपाप्रमाणे विचारा, "पुढची संख्या तपासलीस का?"